दादाची सकाळची गोळी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीला बसस्टँडवरून बाजाराकडे जाताना डाव्या हाताला आमचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे वाट पाहणाऱ्यांसाठी एक बाकडं. रस्त्याकडची खुर्ची माझ्या मोठ्या भावाची, आतली माझी. वडील होते तेव्हा एकच लाकडी खुर्ची होती. वडिलांकडून दादा शिकला आणि दादाकडून मी. त्यामुळे त्याच्या हाताबद्दल मी जे सांगतो ते भाऊ म्हणून कमी आणि त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस म्हणून जास्त.

दादा दाढी करायला लागला की गिऱ्हाईक झोपी जायचं. वस्तरा गालावर फिरतोय हे कळायचंच नाही. हनुवटीखाली ज्यांचे केस उलटसुलट वाढतात, अशी माणसं दिग्रसवरून, महागाववरून त्याच्यासाठी थांबायची. माझी खुर्ची रिकामी असली तरी बाकड्यावर बसून राहायची. मी म्हणायचो, "या ना काका, मी करून देतो." तर काका म्हणायचे, "तू राहू दे बापू, मी दादाचीच वाट पाहून राह्यलो." मला त्याचा राग येत नसे. मीही माझी दाढी त्याच्याकडूनच करून घ्यायचो.

दादा प्यायचा. लग्नाआधीपासून प्यायचा. संध्याकाळी शटर ओढलं की कोपऱ्यावरच्या दुकानात जायचा, तिथून घरी, जेवण, झोप. आरडाओरड नाही, मारझोड नाही. म्हणून त्याला कोणी दारुडा म्हणत नव्हतं. "कामाचा माणूस हाय, थकते, थोडी घेते," असं माय स्वतःच सांगायची. आमच्याकडे दारुडा कोणाला म्हणायचं हे ठरलेलं आहे. जो रस्त्यात पडतो तो. जो पडत नाही, तो फक्त घेतो.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद पडलं. हातावर पोट असलेल्या माणसाला दिवसभर घरात बसवलं की तो काय करेल? दारूही काही दिवस मिळत नव्हती, मग कुठून कुठून मोहाची मिळायला लागली, आणि दादाची संध्याकाळ दुपारी सुरू व्हायला लागली. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा ती दुपार सकाळपर्यंत आली होती. सकाळी शटर उघडताना त्याच्या हातातली किल्ली कुलपाला लागायची नाही. मी किल्ली घ्यायचो, काही न बोलता उघडायचो. मग "पानी भरून आणतो" म्हणून तो मागच्या बोळात जायचा आणि परत यायचा तेव्हा तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि हात एकदम स्थिर. खर्ऱ्याच्या वासाखाली दुसरा वास असायचा. तो मलाही यायचा आणि खुर्चीत बसणाऱ्यालाही. पण हात स्थिर असायचा, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

ज्यांच्यामुळे हे बोलण्यावर आलं ते आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी. दादाला त्यांनी पहिलीत शिकवलं होतं. ते एक दिवसाआड दाढीला यायचे, दादाच्याच खुर्चीत. त्या सकाळी ते लवकर आले. दादा अजून बोळात जाऊन आला नव्हता. त्यानं साबण लावला, वस्तरा घेतला, आणि कानाखाली कापलं. फार नाही. पण गुरुजींचा सदरा पांढरा होता. दादानं तुरटी लावली, कापूस दाबून धरला. त्याचा हात इतका थरथरत होता की शेवटी कापूस गुरुजींनीच हातात घेतला.

"लागलं का गुरुजी?" दादानं विचारलं.

"नाही रे. होते असं," गुरुजी म्हणाले. उरलेली अर्धी दाढी तशीच करून घेतली, मान जरासुद्धा हलवली नाही.

पुढच्या वेळी गुरुजी आले तेव्हा दादाची खुर्ची रिकामी होती. गुरुजी तिच्यासमोरून चालत आले आणि माझ्या खुर्चीत बसले.  मी आरशात दादाकडे पाहिलं. तो कैची पुसत होता. ती कैची त्यानं गुरुजी उठून जाईपर्यंत पुसली.

त्यानंतर घरात इलाज सुरू झाले. माय त्याला माहूरला घेऊन गेली, देवीपुढे शपथ घ्यायला लावली. शपथ थोडे दिवस टिकली. मग आमच्या बहिणीकडे पाठवलं. तिचं सासर वर्धा जिल्ह्यात, आणि तिथं दारूबंदी. मायला वाटलं, मिळणारच नाही तर पिणार काय. दादा तिकडून परत आला तेव्हा बहिणीचा फोन आला, "माय, याले तर आमच्या गावातले अड्डे माह्यापेक्षा जास्त माहीत झाले."

आणि मग वहिनीनं जे केलं, ते केलं.

वहिनी शांत बाई. घरी ब्लाऊज शिवते, कमी बोलते. तिच्या माहेरच्या कोणीतरी तिला गोळ्या आणून दिल्या. सांगितलं की वरणात बारीक करून टाकायच्या, त्याला कळू द्यायचं नाही, दारू प्याला की त्रास होईल आणि दारूची शिसारी बसेल. त्यांच्या गावात एकाची अशीच सुटली होती म्हणे. वहिनीनं मायला विचारलं. माय म्हणाली, "देवीनं नाही ऐकलं, हे करून पाहा."

तो बाजाराचा दिवस होता. दुपारी दादानं डबा खाल्ला, बोळात जाऊन आला, आणि एका माणसाच्या गालाला साबण लावता लावता थांबला. त्याचं तोंड लाल झालं होतं, डोळ्यांपर्यंत लाल. तो खाली बसला. "छातीत धडधड होऊन राह्यली," म्हणाला, आणि तिथंच ओकला. त्याला श्वास घेता येत नव्हता. मला वाटलं गेला. शेजारच्या टेलरनं गाडी काढली, दादाला मध्ये बसवलं, मी मागून धरलं आणि आम्ही दवाखान्यात पोचलो. ज्याच्या गालाला साबण लागला होता तो माणूस तसाच खांद्यावर टॉवेल घेऊन दुकान सांभाळत बसला, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी सलाईन लावली, नाडी पाहिली, पुन्हा पुन्हा विचारलं, "काय खाल्लं? काय घेतलं?" दादा म्हणाला, रोजचंच. तोपर्यंत वहिनी आली होती. ती दाराशी उभी राहून हे ऐकत होती. मग आत आली आणि म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी वरणात गोळी टाकली होती."

डॉक्टरांनी तिला बाहेर नेलं नाही. तिथंच, दादाच्या समोर, शांतपणे सांगितलं, "ताई, ही गोळी वाईट नाही. पण ज्याला द्यायची त्याला माहीत असलं पाहिजे, आणि दारू आधी बंद झालेली असली पाहिजे. असं चोरून देऊन माणूस जाऊ शकतो."

वहिनी रडली नाही. "मी मारायसाठी नाही टाकली," एवढंच म्हणाली. दादा छताकडे पाहत होता.

तो वाचला. पण घरी आल्यावर त्यानं वहिनीच्या हातचं जेवण बंद केलं. भांडण नाही, शिवीगाळ नाही. ती ताट वाढायची, तो उठून स्वयंपाकघरात जायचा, मुलांना ज्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाढलं त्याच गंजातून स्वतः वरण घ्यायचा. घर एक, पण आमच्या दोघांच्या चुली वेगळ्या, म्हणून दुकानात तो माझ्या डब्यातलं खायचा, स्वतःचा उघडायचा नाही. एकदा वहिनीनं चहा दिला तर तो कप त्यानं तिच्याकडे सरकवला आणि म्हणाला, "एक घोट तू घे." तिनं घेतला. मग तो प्याला. ते पाहून माझी बायको आतल्या खोलीत जाऊन रडली.

आणि दारू चालूच होती.

मी एकदा त्याला म्हटलं, "दादा, वहिनीनं चुकीचं केलं. पन तिनं काहून केलं थे बी पाह्य ना."

तो म्हणाला, "मले विचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर तू घेतली असती?"

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "नसती घेतली. पन मले विचाराले पाह्यजे होतं."

मला त्याचं म्हणणं चूक वाटलं नाही. वहिनीचंही चूक वाटत नव्हतं. मी मध्ये उभा होतो आणि दोन्हीकडचं दिसत होतं, त्याचा उपयोग काहीच नव्हता.

काही आठवड्यांनी दादानं एका सकाळी जाहीर केलं, "कोनाची गोळी नको न् कोनाची देवी नको. आजपासून बंद. माह्या मनानं." आम्हाला आनंद झाला. मायनं शिरा केला. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी तो घामानं भिजलेला होता, हात पोटाशी धरून बसलेला. मी म्हटलं घरी थांब, तर ऐकेना. तिसऱ्या दिवशी दुकानात आला, आरशासमोर उभा राहिला आणि फडक्यानं आरसा पुसायला लागला. पुसतच राहिला.

"काय पुसून राह्यला दादा?"

"मुंग्या हायेत ना. पाह्य किती हायेत त्या."

आरशावर मुंग्या नव्हत्या. मी फडकं घ्यायला पुढे झालो आणि त्याच वेळी तो ताठ झाला आणि पडला. फिट आली होती. डोकं खुर्चीच्या लोखंडी पायावर आपटणार होतं, ते माझ्या पायावर आपटलं. आर्णीच्या डॉक्टरांनी त्याला थोडं शांत केलं आणि गाडीनं यवतमाळला मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

मला तोपर्यंत माहीत नव्हतं की रोज पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. आम्ही सगळे त्याला वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो, की एका झटक्यात सोड, मर्दासारखी सोड. तिथल्या डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं. वयानं लहान होत्या, दादापेक्षा बऱ्याच लहान. म्हणाल्या, "शरीराला दारू धरून चालायची सवय झालेली असते. ती एकदम काढली की शरीर बिथरतं. घाम, कंप, नसलेलं दिसणं, फिट. म्हणून इथं ठेवून, औषधं देऊन हळूहळू उतरवावं लागतं. हे घरी करायचं काम नाही."

दादा काही दिवस वॉर्डात राहिला. पहिले दिवस तो नुसता झोपायचा. व्हिटॅमिनची इंजेक्शनं, झोपेच्या वाटाव्यात अशा गोळ्या, त्या रोज थोड्या थोड्या कमी करत नेलेल्या. शेजारच्या खाटेवर राजूरच्या कोळशाच्या खाणीत काम करणारा एक माणूस होता, त्याचीही हीच कथा. बरं वाटायला लागल्यावर दादानं त्याची दाढी केली. मी वॉर्डात गेलो तेव्हा तो खाटेवर वाकून, सेफ्टी रेझरनं, जीभ दातात धरून त्या माणसाची हनुवटी करत होता. हात अजून थोडा थरथरत होता. मी दाराशीच थांबलो.

घरी सोडायच्या आधी मॅडमनी दादाला, वहिनीला आणि मला समोर बसवलं. आधी दादाला विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

दादा गोंधळला. इतक्या वर्षांत असं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी त्याला काय करायचं ते सांगितलं होतं.

"खोटं नाई सांगत मॅडम," तो म्हणाला. "जन्मभराची सुटन का नाई, मले माहीत नाई. पन सकायची सुटली पाह्यजे. माह्यं काम हाताचं हाय."

मला वाटलं आता मॅडम रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला फिट येऊन गेली आहे. त्यामुळे अजिबात न घेणं सगळ्यात बरं, हे मी सांगणारच. पण तुम्ही खरं बोललात ते चांगलं केलं. उद्या पाय घसरला तर तेही असंच येऊन सांगायचं. लपवायचं नाही आणि मनानं एकदम बंदही करायचं नाही."

मग औषधाचं बोलणं निघालं. एक गोळी अशी असते की ती घेतल्यावर दारू प्यायलं तर खूप त्रास होतो, असं त्या सांगायला लागल्या. दादा म्हणाला, "थे मी खाल्लेली हाय. न सांगता." वहिनीनं मान खाली घातली. मॅडमनी समोरचे कागद चाळले. काय झालं ते त्यांच्या कागदात असणार. त्या वहिनीकडे वळून एवढंच म्हणाल्या, "तुम्ही एकट्यानं खूप दिवस सांभाळलंत." तेव्हा मात्र वहिनी रडली, पदर तोंडात धरून.

दुसरी गोळी वेगळी होती. रक्त तपासून, लिव्हर ठीक आहे पाहून ती सुरू केली. मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं की ती दारूची ओढ कमी करते आणि दारूतली मजा काढून घेते. उलटी होणार नाही, छाती धडधडणार नाही, पण ज्यासाठी माणूस प्यायला जातो ते नीट मिळणार नाही. सुरुवातीला मळमळ होईल, काही खाऊन घ्यायची. कधी ऑपरेशन वगैरे करायची वेळ आली, जोराचं दुखण्याचं औषध लागलं, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगायचं. आणि शेवटी म्हणाल्या, "ही जादू नाही. मन तुमचंच लागणार आहे. गोळी फक्त चढ थोडा कमी करेल." सकाळी घरातल्या कोणी समोर बसून दिली तर चांगलं, असंही त्या म्हणाल्या.

"मी माह्या हातानं घेईन," दादा लगेच म्हणाला. मॅडमनी आग्रह केला नाही.

गावात माय सगळ्यांना सांगत होती, साखर वाढली होती म्हणून भरती केलं होतं. दुकानात पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, "काय दादा, शुगर किती निघाली?" दादा साबण घोळवत म्हणाला, "शुगर नाई बापा. दारूचा इलाज चालू हाय यवतमाळले."  बाकड्यावरचा एकजण हळूच म्हणाला, "गोळी भेटते का त्याची?" "भेटते," दादा म्हणाला. त्या माणसानं पुढे काही विचारलं नाही, पण पुढच्या आठवड्यात तो दुकान बंद करायच्या वेळी आला आणि दादाला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत उभा राहिला.

गोळ्यांचं पाकीट दादानं दुकानात, आरशाखालच्या फळीवर ठेवलं होतं. सकाळी समोरच्या टपरीवरून पोहे यायचे, ते खाऊन गोळी. आधीचे काही दिवस त्याला मळमळायचं. मग ते गेलं. किल्ली कुलपाला लागायला लागली. पण तो आनंदी नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. आम्हाला वाटलं होतं दारू गेली की माणूस हसायला लागेल. तो चिडचिडा झाला, गप्प झाला. शटर पडल्यावर काय करायचं हेच त्याला कळायचं नाही. इतकी वर्षं ती वेळ ठरलेली होती. मी त्याला घेऊन अरुणावतीच्या पुलापर्यंत चालत जायला लागलो. जाताना बोलणं फारसं नसायचं. कोणाच्या शेतात तूर कशी आली, नदीला पाणी किती, असं काहीतरी. तो मध्येच थांबायचा, कठड्याला टेकून उभा राहायचा, मग म्हणायचा, "चाल." आम्ही परत फिरायचो.

पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, आमच्याकडे मटण आणि दारू हा रिवाजच. मी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून होतो आणि तरी दुपारी तो नाहीसा झाला. संध्याकाळी तो स्वतःच दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. प्यायलेला होता, पण तोंडावर वेगळंच काही होतं.

"पेलो मी," तो म्हणाला.

"दिसून राह्यलं."

"मजाच नाई आली गड्या. सकायी गोळी घेतलती. नुसतं कडू पानी. दोन घेतले, तरी नाई. मंग उठूनच आलो."

मला हसू येत होतं, पण त्याच्याकडे पाहून हसता आलं नाही. जुन्या दोस्ताच्या घरी जावं आणि त्यानं ओळखच दाखवू नये, तसा तो बसला होता. मी शेजारी बसून राहिलो. पुढच्या सोमवारी, आमचं दुकान सोमवारी बंद असतं, आम्ही यवतमाळला गेलो आणि त्यानं मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलं झालं, उठून आलात ना."

हिवाळा बरा गेला. हातातला कंप जवळजवळ गेला. गुरुजी येत होते, ते माझ्याच खुर्चीत बसत होते. मी एकदा दादाला म्हटलं, सांगू का गुरुजींना, तर म्हणाला, "राहू दे. त्यायची आता तुह्या हाताले सवय झाली." आणि खरंच, गुरुजी शेवटपर्यंत माझ्याकडेच आले.

पण बरं वाटायला लागलं की माणूस औषध सोडतो. दादानंही सोडलं. लग्नसराई होती, काम खूप, गोळ्या संपल्या आणि यवतमाळला जायला वेळ नव्हता. "आता कायले गोळी? सुटलीच हाय," म्हणाला. दिग्रसला एका लग्नात नवरदेवाची दाढी करायला गेला आणि रात्री परतलाच नाही. सकाळी आला. मग दुसऱ्या दिवशीही प्याला, तिसऱ्या दिवशीही. माय देवघरासमोर बसून राहिली. वहिनी मशीनवर शिवत होती, खट खट खट, थांबतच नव्हती.

एके सकाळी मी दुकानात पोचलो तर शटर खाली. मी बोळात पाहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानात पाहिलं. मग फोन आला. मागे बसचा आवाज येत होता.

"मी यवतमाळले जाऊन राह्यलो. मॅडमले सांगाले."

"एकटाच? थांब ना, मी येतो."

"तू दुकान उघड. गिऱ्हाईक येईल."

त्या दिवशी मी दोन्ही खुर्च्या सांभाळल्या आणि माझ्या हातून एकाची मिशी वाकडी झाली.

दादा दुपार कलल्यावर परत आला. दुकानात न येता सरळ घरी गेला. मीही शटर ओढून मागोमाग गेलो. वहिनी मशीनवरच होती. तो तिच्यासमोर बाजेवर बसला, खिशातून गोळ्यांचं नवं पाकीट काढलं आणि मशीनच्या पाट्यावर, तिच्या कापडावर ठेवलं.

"रोज सकायी तू देजो," तो म्हणाला. "मले दाखवून देजो."

वहिनीनं हात मागे घेतला. "मी नाही हात लावत तुमच्या गोळ्यायले."

"मी मागून राह्यलो ना आता."

"उद्या काही झालं तर मलेच म्हणसान."

"नाई म्हनत."

तिनं कापड बाजूला केलं, पाकीट उचललं, उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येतं, पण त्या बारीक इंग्रजी अक्षरांत तिला काय कळणार होतं? तरी तिनं ते पूर्ण पाहिलं. मग विचारलं, "जेवणाआधी का जेवून?"

"काही खाऊन."

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम त्यांच्या स्वयंपाकघरात चहाला गेलो. वहिनीनं आधी पोळी वाढली. दादानं ती खाल्ली, तिच्या हातची, ताटातली, गंजाकडे न जाता. मग तिनं पाकिटातून गोळी त्याच्यासमोर दाबून बाहेर काढली, तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला. त्यानं ती उचलून पाण्याबरोबर गिळली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. वहिनी लगेच वळून दुसरी पोळी लाटायला लागली. दादा म्हणाला, "आणखी एक दे." मी चहा घेतला आणि उठलो. दुकान उघडायची वेळ झाली होती.

त्यानंतर एकदम सगळं सरळ झालं असं नाही. एकदोन वेळा तो पुन्हा प्याला. प्रत्येक वेळी पुढच्या सोमवारी यवतमाळला जाऊन सांगून आला. आता बऱ्याच दिवसांत तसं काही झालेलं नाही. आम्ही त्याचे दिवस मोजत नाही, तोही मोजत नाही. दाढीला दिग्रसवरून येणारे काही जण परत आले, काही नाही आले. मायनं साखरेची गोष्ट सांगणं सोडून दिलं, कारण तिचं कोणी ऐकत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी त्याच्यासोबत गेलो होतो. मॅडमची बदली झाली आहे, आता एक सर बसतात. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, दादाशी बोलले आणि म्हणाले, "बरेच दिवस झालेत. हळूहळू बंद करून पाहायची का?"

दादानं थोडा विचार केला. "लग्नसराई जाऊ द्या सर," म्हणाला. "मंग पाहू."

सर हसले. म्हणाले, "काही घाई नाही. तुम्ही ठरवा."

बाहेर आल्यावर आम्ही बसस्टँडसमोर मिसळ खाल्ली. दादाला दुकानासाठी टॉवेल घ्यायचे होते, म्हणून बाजारात एक चक्कर मारली. त्यानं दोन दुकानांत टॉवेल हातात घेऊन, चुरगाळून, पाणी किती पितील याचा अंदाज घेतला, आणि तिसऱ्या दुकानातले घेतले. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. बस यवतमाळच्या बाहेर पडेपर्यंत दादाला झोप लागली. टॉवेलांची पिशवी त्याच्या मांडीवर होती. ती घसरायला लागली तेव्हा मी काढून माझ्याकडे घेतली.